सुजलंय की नुसतंच दुखतंय?

आमच्या घरात दुखण्याचे तीन प्रकार आहेत आणि त्यांतले दोन माझ्याच अंगात राहतात. तिसरा सासूबाईंच्या गुडघ्यांत. बाहेरच्यांना तिन्हींचं नाव एकच वाटतं, संधिवात. शेजारच्या काकू, शाळेतल्या सहकारी बाई, मेडिकलच्या दुकानातला मुलगा, सगळे आम्हा दोघींची विचारपूस एकाच शब्दात उरकतात. पण सासूबाईंच्या गुडघ्यांना ज्याने बरं वाटतं त्याने माझी बोटं शांत होत नाहीत. माझ्या बोटांना जे औषध लागू पडलं, त्याने माझ्या खांद्यांचं, मांड्यांचं, मानेचं दुखणं तसूभरही हललं नाही. कुठलं दुखणं कशाचं, हे ओळखता येणं ही माझ्यापुरती चैन नाही, त्यावर माझी औषधं ठरतात. आणि माझ्यासारख्या बायका इतक्या भेटतात की हे एकदा नीट लिहून काढावं असं फार दिवस मनात होतं.

आधी सासूबाईंचं सांगते, कारण ते सगळ्यांत सरळ आहे. वय सत्तरीच्या पुढे. जिना उतरताना, पूजेच्या पाटावरून उठताना, बाजारातून चालत आल्यावर गुडघे बोलायला लागतात. बसून राहिल्या की बरं वाटतं. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली पावलं जड पडतात, पण चहाचं आधण उकळेपर्यंत पाय मोकळे झालेले असतात. झिजेच्या दुखण्यात सकाळचा ताठरपणा साधारण अर्ध्या तासाच्या आत जातो आणि हालचाल वाढत गेली की दिवस मावळताना दुखणं वाढतं. त्यांच्या गुडघ्यावर तळहात ठेवून पाय वाकवायला सांगितला तर आतली करकर हाताला कळते. बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर, नखांच्या जरा खाली, गाठी आहेत. अठराव्या शतकातल्या विल्यम हेबर्डन या इंग्रज डॉक्टरच्या नावाने त्या ओळखल्या जातात. दाबून पाहिल्या तर टणक लागतात, कारण तिथे हाडच वाढलेलं असतं. यालाच ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात.

माझं पहिलं दुखणं वेगळं. ते पस्तिशीच्या आसपास सुरू झालं. टोकाचे सांधे मोकळे आणि बोटांच्या मुळाशी, जिथून मूठ वळते तिथे, दोन्ही हातांना सारखंच. मनगटं आणि पावलांचे चवडेही त्यात होते. सकाळी दुधाची पिशवी कात्रीने कापता येईना, कुकरच्या झाकणाला जोर लागेना, वेणी घालायला हात वर गेला तरी बोटं वळत नव्हती. हे आखडलेपण नऊ-दहापर्यंत टिकायचं. मग हात हळूहळू मोकळे व्हायचे आणि दुपारी फळ्यावर लिहिणं जमायचं. बसून राहिलं की परत आखडायचं. म्हणजे सासूबाईंच्या अगदी उलट. त्यांना विश्रांती मानवायची, मला विश्रांतीने आखडायला व्हायचं.

आणि सूज. बोटांच्या मुळांवरच्या खळग्या भरून आल्या होत्या. मूठ वळली की एरवी दिसतात ती उंचवट्यांची चार टोकं आणि त्यांच्यामधल्या दऱ्या पार बुजल्या होत्या. दाबलं तर टणक नव्हे, पिकलेलं करवंद बोटांत धरावं तसं किंचित दबणारं काहीतरी लागायचं. ही सूज म्हणजे सांध्याच्या आतलं अस्तर जाड होऊन फुगलेलं असतं. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा आपल्याच अस्तरावर उठते आणि तो दाह वर्षानुवर्षं चालू राहिला तर शेजारचं हाड कुरतडलं जातं. तो रुमॅटॉइड आर्थ्रायटिस. आमच्याकडचे वैद्य याला आमवात म्हणतात. या आजारात वेळ फार महत्त्वाची असते. सुरुवातीच्या महिन्यांत दाह आवरला तर सांधे वाचतात, आणि एकदा वाकडं झालेलं बोट औषधाने सरळ होत नाही.

मला मेथोट्रेक्सेट सुरू झालं. आठवड्यातून एकच दिवस घ्यायची गोळी. ती चुकून रोज घेतली तर जीवावर बेतू शकतं, म्हणून मी शनिवार पक्का केला आणि कपाटाच्या दाराला आतून कागद लावला. सोबत फॉलिक ॲसिड, अधूनमधून रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्या. काही महिन्यांत सूज उतरली. मुठीच्या दऱ्या परत दिसू लागल्या. अंगठी चढली. रक्तातला दाह दाखवणारं सीआरपी खाली आलं.

आणि त्याच सुमारास दुसऱ्या दुखण्याने घर केलं.

ते कुठे आहे हे सांगता येत नसे. सांध्यांत नव्हतं, सांध्यांच्या अधेमध्ये होतं. दंडात, पोटऱ्यांत, दोन खांद्यांच्या पात्यांमध्ये, मानेच्या मुळाशी, कमरेच्या दोन्ही बाजूंना, जबड्यात. आज डावीकडे जास्त, उद्या उजवीकडे. कधी ठणका, कधी आग, कधी नुसती रग, ताप येण्याआधी अंग मोडून यावं तशी कणकण, पण थर्मामीटर कोरा. ब्लाउजची खांद्यावरची शिवण टोचायची. परकराची नाडी सैल बांधली तरी काचायची. रक्तदाब बघायला दंडाला पट्टा बांधून हवा भरली की डोळ्यांत पाणी यायचं, आणि सिस्टर म्हणायच्या, ‘अहो बाई, सगळ्यांना एवढाच आवळतो.’ खरंच एवढाच आवळत होत्या त्या. माझ्या मज्जासंस्थेला तो जास्त लागत होता.

त्याच्या जोडीला झोप. आठ तास पडून राहिले तरी उठताना वाटायचं, रात्रभर कुणीतरी अंग तुडवलंय. शिकवताना ओठांवर आलेला शब्द निसटायचा. पंधरा वर्षं शिकवलेल्या धड्यातल्या पात्राचं नाव आठवेना, वर्ग माझ्याकडे बघत बसलेला. थोडा आवाज, थोडा झगमगाट, फोडणीचा ठसका, सगळंच अंगावर यायचं.

आता गंमत नाही, खरी अडचण इथे आहे: हात सुजल्यासारखे वाटायचे. अगदी पूर्वीसारखे. मी डॉक्टरांना सांगायचे, ‘परत सूज आलीय.’ मनापासून सांगायचे, कारण आतून तसंच जाणवतं. या दुसऱ्या दुखण्याचं नाव फायब्रोमायल्जिया. त्याच्या पुष्कळ रुग्णांना हात फुगल्याचा भास होतो आणि बाहेरून बघणाऱ्याला काही दिसत नाही. भास हा शब्द मी नाइलाजाने वापरते आहे. जाणवणं खरं असतं, फक्त अस्तर फुगलेलं नसतं.

या टप्प्यावर काय होऊ शकतं ते समजून घेण्यासाठी रुमॅटॉइडचा जोर मोजायची पद्धत माहीत हवी. सगळीकडे वापरतात ती मोजणी अठ्ठावीस सांध्यांची: दोन खांदे, दोन कोपरं, दोन मनगटं, बोटांच्या मुळांचे दहा, मधले दहा आणि दोन गुडघे. डॉक्टर प्रत्येक सांधा दाबून बघतात. किती दुखतात याचा एक आकडा, किती सुजले आहेत याचा दुसरा. त्यात रक्तातला दाह मोजणारा ईएसआर किंवा सीआरपी. शेवटी रुग्णाला विचारतात, एकूण कसं वाटतंय, या पट्टीवर खूण करा. या चारींच्या हिशेबातून एक गुणांक निघतो. २.६ च्या खाली आला तर आजार शांत, ५.१ च्या वर गेला तर फार जोरात.

आता विचार करा. चारांपैकी दोन गोष्टी, दुखणाऱ्या सांध्यांची संख्या आणि ‘कसं वाटतंय’, या रुग्णाच्या जाणिवेवर उभ्या आहेत. ज्या अंगाला कुठेही दाबलं तरी दुखतं, त्याचे अठ्ठावीसपैकी वीस सांधे दुखणारच. सूज एखाद्याच सांध्याला, सीआरपी नॉर्मल, तरी गुणांक चढतो आणि कागदावर आजार भडकलेला दिसतो. मग औषध वाढवायचं ठरतं. मेथोट्रेक्सेटवर आणखी एक, मग इंजेक्शनं, ज्यांचा महिन्याचा खर्च साध्या पगाराच्या घराला परवडत नाही आणि जी घेताना क्षयरोगाची तपासणी करून घ्यावी लागते, कारण प्रतिकारशक्ती दबते. इतकं करून दुखणं तसंच, कारण जे दुखत होतं ते दाहाचं नव्हतंच.

मला हे पुण्याच्या संधिवाततज्ज्ञ बाईंनी कागदावर लिहून दाखवलं. आधीच्या ठिकाणी इंजेक्शनं सुरू करायची तयारी झाली होती. यांनी माझे हात आपल्या हातात घेतले आणि बराच वेळ एकेक सांधा दोन अंगठ्यांनी चाचपला. मग दंड दाबला, मांडी दाबली, कपाळ दाबलं. ‘इथे?’ दुखतंय. ‘इथे?’ दुखतंय. ‘इथे तर सांधाच नाहीये, ताई,’ त्या शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले, दुखणारे आणि सुजलेले, आणि त्यांच्यामधल्या अंतराखाली रेघ मारली. ‘हे अंतर म्हणजे तुमचा दुसरा आजार. पहिला नीट आवरलाय. पहिल्याचं औषध वाढवून दुसरा बरा होणार नाही.’ खात्रीसाठी त्यांनी हातांची सोनोग्राफी केली. अस्तरात रक्तप्रवाह वाढलेला असेल तर त्या यंत्रात रंग उमटतो. माझ्या सांध्यांत रंग उमटला नाही.

रुमॅटॉइड असलेल्या दर पाच-सहा जणांमागे एकाला फायब्रोमायल्जियाही असतो असं वेगवेगळ्या पाहण्यांत दिसलंय. म्हणजे हा अपवाद नव्हे. वर्षानुवर्षं सांध्यांकडून येणाऱ्या वेदनेने मेंदू आणि मज्जारज्जू इतके सरावतात, की मूळ आग विझली तरी तिकडे घंटा वाजत राहते. झिजेच्या रुग्णांनाही हे होतं, ल्युपस या प्रतिकारक यंत्रणेच्याच दुसऱ्या एका आजाराच्या रुग्णांनाही. आणि कसलाही सांधेदुखीचा आजार नसताना एकटा फायब्रोमायल्जिया होणाऱ्यांची संख्या तर मोठीच आहे. जगभरात शंभरातल्या दोन ते चार जणांना तो असतो, आणि त्यांत बायका जास्त.

या आजाराला ओळख मिळायला फार काळ लागला. लंडनचे विल्यम गॉवर्स यांनी १९०४ साली अशा दुखण्याला फायब्रोसायटिस म्हटलं. स्नायूंच्या तंतूंना दाह होत असावा अशी त्यांची समजूत होती. पुढे तपासून बघणाऱ्यांना तिथे दाह सापडेना, म्हणून १९७६ मध्ये फायब्रोमायल्जिया हे नाव पुढे आलं. दरम्यान टोरांटोमध्ये हार्वे मोल्डोफ्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक फार बोलका प्रयोग केला होता. धडधाकट तरुणांना रात्री झोपू दिलं, पण गाढ झोप लागली की आवाज करून ती मोडायची. पूर्ण जागं करायचं नाही, नुसती खोली काढून घ्यायची. काही रात्रींत त्या निरोगी माणसांचं अंग दुखू लागलं, दाबलं की दुखू लागलं. १९७५ मध्ये हे छापून आलं. मी हे वाचलं तेव्हा रात्रभर तुडवल्यासारखं वाटणाऱ्या माझ्या सकाळींचा धागा हाताला लागला.

१९९० मध्ये अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने निकष ठरवले: तीन महिन्यांहून जास्त काळ अंगभर दुखणं, आणि ठरलेल्या अठरापैकी अकरा जागा चार किलो दाबाला दुखणं. चार किलो म्हणजे दाबणाऱ्याच्या अंगठ्याचं नख पांढरं पडेल इतका दाब. नंतर लक्षात आलं की नुसत्या जागा मोजून हा आजार पकडता येत नाही, आणि सगळे डॉक्टर त्या जागा नीट दाबतही नाहीत. २०१० मध्ये आणि मग २०१६ मध्ये निकष बदलले. आता शरीराच्या चित्रावर एकोणीस भाग असतात, गेल्या आठवड्यात त्यांतले किती दुखले ते सांगायचं. सोबत थकवा किती, उठल्यावर ताजंतवानं वाटतं का, लक्षात राहतं का. २०१६ च्या निकषांत एक फार मोलाचं वाक्य आहे: दुसरा कुठलाही आजार असला तरी हे निदान खरं ठरू शकतं. म्हणजे संधिवात आहे म्हणून फायब्रोमायल्जिया नाही, असं म्हणायची सोय उरली नाही.

आणि ‘मनाचे खेळ आहेत’ असं म्हणायचीही. २००२ मध्ये अमेरिकेत रुग्णांच्या आणि निरोगी लोकांच्या अंगठ्याच्या नखावर मोजून दाब देत मेंदूचं एमआरआय चित्रण केलं गेलं. निरोगी माणसाला खूप दाबल्यावर मेंदूचे जे भाग चेततात, तेच भाग रुग्णांमध्ये कितीतरी कमी दाबाला चेतलेले दिसले. दुखतंय असं सांगणाऱ्याचा मेंदूच साक्ष देत होता. मज्जारज्जूतल्या द्रवात वेदनेचा निरोप नेणारं एक रसायन वाढलेलं असतं हे त्याआधीच दिसलं होतं. २०२१ मध्ये रुग्णांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांनी उंदरांनाही तशीच संवेदनशीलता येते असं लंडन, लिव्हरपूल आणि स्टॉकहोमच्या संशोधकांनी दाखवलं. पुढे काय निघेल ते निघो, पण ‘बाईला कामाचा कंटाळा आहे’ हे निदान मागे पडायलाच हवं. ते मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, एका दवाखान्यात, पडद्यापलीकडून.

आपल्याकडे या गोंधळात लॅबचे कागद भर घालतात. हात दुखतात म्हटलं की ‘आर्थ्रायटिस प्रोफाइल’ नावाची एक यादी करून आणायची पद्धत पडली आहे. आरए फॅक्टर, युरिक ॲसिड, एएसओ. आरए फॅक्टर म्हणजे रुमॅटॉइडसाठी बघतात ते रक्तातलं प्रतिपिंड, पण तो काही निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येतो, वय वाढेल तसा जास्त. कागदावर ठळक अक्षरांत पॉझिटिव्ह दिसलं की अंगभर दुखणाऱ्या बाईला संधिवाताच्या गोळ्या सुरू होतात. उलटही घडतं. सुरुवातीच्या रुमॅटॉइडमध्ये तो निगेटिव्ह येऊ शकतो आणि खरोखर सुजलेल्या हातांना ‘काही नाही, कॅल्शियम घ्या’ म्हणून परत पाठवलं जातं. अँटी सीसीपी ही तपासणी त्या मानाने जास्त नेमकी, तरी तीही सगळ्यांत सापडत नाही. कागद तपासणाऱ्या हातांना मदत करतो, त्यांची जागा घेत नाही.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने जागतिक आरोग्य संघटनेच्या कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली होती. चार हजारांहून अधिक प्रौढ माणसं. त्यांतल्या सुमारे १८ टक्के लोकांना हाडं, सांधे, स्नायू यांची काही ना काही तक्रार होती. रुमॅटॉइड मात्र शंभरात साधारण अर्धा. बाकीचं दुखणं झिजेचं, मऊ ऊतींचं, आणि नाव न बसलेलं. शेतात वाकून काम करणाऱ्या, हंडे वाहणाऱ्या गावातली ही पाहणी मला फार महत्त्वाची वाटते. दुखतंय म्हणणाऱ्या प्रत्येकाला संधिवात नसतो आणि संधिवात नाही म्हणून त्यांचं दुखणं हलकंही होत नाही, हे तिथे दिसलं. दहा वर्षांनी, २००६ मध्ये, चिकनगुन्याची साथ आली आणि आमच्या भागात घरं भरून माणसं वाकली. काहींच्या सांध्यांना महिनोन्‌महिने खरी सूज राहिली. काहींची सूज गेली आणि अंग मात्र दुखतच राहिलं. सगळ्यांना एकच गोळी मिळाली.

आता मी रोज कसं ओळखते ते सांगते. सकाळी आधी बघते, मग दाबते, मग ठरवते. मूठ वळून दऱ्या दिसतात का. अंगठी फिरते का. दुखणारी जागा सांधा आहे की सांध्याच्या मधली. सांधाच असेल तर दुसऱ्या हाताचा तोच सांधा काय म्हणतो. बोटांच्या मुळांची रांग आडवी धरून हलकेच दाबली तर कळ येते का, आणि दंडाचा मांसल भाग तेवढ्याच जोराने दाबला तर तिथेही येते का. दोन्हीकडे सारखी येत असेल तर मी घाबरत नाही. आखडलेपण गरम पाण्यात हात घालून, थोडं हलवून सुटतं का, की दुपार होईपर्यंत बोटं अडूनच राहतात. काल झोप कशी लागली होती. परवा किती राबले होते.

हा शेवटचा प्रश्न दिवाळीत हमखास कामाला येतो. सोऱ्या दाबून चकल्या पाडल्या, अनारसे थापले, तर रुमॅटॉइडची बोटं त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या सकाळी सुजून सांगतात. फायब्रोमायल्जिया बऱ्याचदा एक दिवस गप्प बसतो आणि पाडव्याच्या सुमाराला सगळं अंग एकदम काढतो, ज्या पायांनी काही केलं नाही त्या पायांसकट.

औषधांचा प्रतिसादही सांगून जातो. सुरुवातीला मला थोडे दिवस स्टेरॉइडची छोटी मात्रा दिली होती. दाहाचं दुखणं त्याने दोन दिवसांत उतरतं. दुसऱ्या दुखण्याला त्याचा स्पर्शही होत नाही. म्हणून गावोगावच्या बिनलेबलच्या पुड्यांचा मला फार राग येतो. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइडच मिसळलेलं असतं. संधिवाताचा रुग्ण त्याने फसतो कारण दुखणं थांबतं आणि सांधा आतून झिजत राहतो. फायब्रोमायल्जियाचा रुग्ण फायदा न होताच साखर, सूज आणि ठिसूळ हाडं पदरात पाडून घेतो. डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांचंही तेच. दाह नसेल तिथे ती फार काही करत नाहीत आणि किडनी, जठर यांना मात्र त्रास देतात.

पण एका गोष्टीची काळजी मी स्वतः घेते आणि सगळ्यांना घ्यायला सांगते. फायब्रोमायल्जियाचा शिक्का बसला की पुढचं प्रत्येक दुखणं त्याच्या खात्यावर टाकायचा मोह डॉक्टरांनाही होतो आणि आपल्यालाही. नवी सूज दिसली, सांधा लाल किंवा गरम लागला, ताप राहू लागला, वजन न प्रयत्न करता उतरलं, उत्तररात्री कंबरदुखीने जाग येऊन चालल्यावर बरं वाटू लागलं, दुखण्यापेक्षा जोरच कमी झालाय आणि खुर्चीतून हात न टेकता उठता येत नाही असं झालं, तर ते फायब्रोमायल्जियाचं नव्हे असं धरून चालायचं आणि तपासून घ्यायचं. साठीपुढच्या माणसाला अचानक दोन्ही खांदे आणि मांड्या आखडल्या तर तो एक वेगळाच आजार असतो, आणि त्याबरोबर कानशील दुखत असेल, चावताना जबडा दुखत असेल तर डोळ्यांना धोका असतो. तिथे एक दिवसही थांबू नये. शिवाय अंगभर दुखणाऱ्या प्रत्येकाची थायरॉइड, हिमोग्लोबिन, डी आणि बी बारा ही जीवनसत्त्वं बघायलाच हवीत. कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगावं, तिनेही स्नायू दुखतात.

माझ्या दुसऱ्या दुखण्याचं औषध पहिल्याशी अजिबात जुळत नाही. रात्री झोपण्याआधी एक लहान गोळी, जी मुळात मज्जासंस्थेची आहे. प्रीगाबालिन, ड्युलॉक्सेटीन, अगदी कमी मात्रेतलं अमिट्रिप्टिलिन, यांतलं कुणाला कुठलं हे डॉक्टर ठरवतात. त्यांतल्या काही गोळ्या नैराश्यावरही देतात म्हणून चिठ्ठी वाचून घरचे दचकतात. दचकायचं कारण नाही, इथे त्या वेदनेचे निरोप आवरायला दिलेल्या असतात. पण युरोपातल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये सगळे पुरावे चाळून ज्या एकाच उपायाची ठाम शिफारस केली तो म्हणजे व्यायाम. दुखणाऱ्या माणसाला हे ऐकून संताप येतो. मलाही आला होता. पुण्याच्या बाईंनी सांगितलं, ‘गल्लीच्या टोकापर्यंत जा आणि या. बरं वाटलं म्हणून पुढे जायचं नाही. वाईट वाटलं म्हणून चुकवायचं नाही.’ यातलं पहिलं पाळणं दुसऱ्यापेक्षा अवघड आहे. चांगल्या दिवशी साचलेली सगळी कामं उपसून काढायची आणि मग तीन दिवस झोपून राहायचं, ही बायकांची जुनी रीत आहे.

आणि हीच गोष्ट रुमॅटॉइडच्या भडक्यात लागू नाही. सांधा सुजून गरम असेल त्या दिवशी त्याला विश्रांती द्यायची, हलकेच वाकवायचा, जोर द्यायचा नाही, आणि डॉक्टरांना कळवायचं. एका दुखण्यात थांबायचं, दुसऱ्यात चालायचं. म्हणून तर ओळखणं भाग आहे.

घरच्यांना हे समजायला सासूबाईंची मदत झाली. त्यांना वाटायचं, माझ्या गाठी दिसतात, हिचे हात तर छान दिसतात, मग ही का कण्हते. एकदा मी त्यांचा अंगठा माझ्या दंडावर ठेवला आणि म्हटलं, ‘आई, तुम्ही कणीक किती मऊ झाली ते बघायला जेवढं दाबता तेवढंच दाबा.’ त्यांनी दाबलं आणि माझा चेहरा बघून हात काढून घेतला. मग स्वतःच्या दंडावर तेवढंच दाबून पाहिलं. काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर पाहुण्यांसमोर ‘हिचं दुखणं दिसत नाही, पण असतं’ असं त्याच सांगायला लागल्या, आणि त्यांच्या तोंडून आलेलं नातेवाइकांनी ऐकलं.

गेल्या महिन्यात धाकटी जाऊ कराडहून आली होती. बाळंतपणाला वर्ष होतंय. ‘वहिनी, माझेही हात दुखतात, तुमच्यासारखंच झालंय का हो मला?’ मी तिला मूठ वळायला लावली. उजव्या हाताची मधली दरी बुजलेली, डाव्या हाताचीही. बोटांची रांग धरून जरा दाबली तर ती कळवळली, दंड दाबला तर म्हणाली, ‘इथे काही नाही.’ सकाळी बाळाच्या लंगोटाची गाठ मारायला नवऱ्याला उठवावं लागतं आणि हात मोकळे व्हायला अकरा वाजतात. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत रुमॅटॉइड डोकं वर काढतो हे माहीत असलेलं आहे. गावातल्या डॉक्टरांनी जागरणाचा थकवा म्हणून सांगितलं होतं. मी दिरांना फोन करून पुण्याची वेळ घ्यायला लावली, अँटी सीसीपी, सीआरपी आणि थायरॉइड आधीच करून न्या म्हटलं, आणि बाळ अंगावर पितं हे डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा म्हणून बजावलं, कारण मेथोट्रेक्सेट तेव्हा चालत नाही. येत्या गुरुवारी त्यांची वेळ आहे.